खोली त्याची, दार आमचं

माझी माय आंघोळीला बसली होती, तेव्हा मालकाच्या माणसांनी आमच्या घराचं दार काढून नेलं.

आमची एकच खोली. न्हाणं दारामागच्याच कोपऱ्यात. मालकाचा दिवाणजी बाहेरून ओरडला, "तीन महिने झाले. भाडं कुठं हाय?"

मी आतून म्हटलं, "माय न्हाऊन राहिली. जरा थांबा."

तो थांबला नाही. त्याच्याबरोबरच्या दोघांनी पहार घालून दार उचकटलं. सकाळची वेळ. गल्ली माणसांनी भरलेली. माय गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी गोधडी दोन्ही हातांत ताणून तिच्या आड उभी राहिले. माझ्या पाठीमागे कोणीतरी हसलं. कोण हसलं ते पाहिलं नाही. वळले असते तर गोधडी हलली असती.

आम्ही दोघी नागपुरात बिड्या वळायचो. बाप सुतार होता, तो मेलेला. मला नवऱ्यानं टाकलेली, म्हणून मी मायजवळ. दोघींच्या हातांवर घर चालत होतं. मग मायच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा भोपळ्यासारखा सुजला. बिडी वळायची म्हणजे सगळा खेळ अंगठ्याचा. तीन महिने तिला पान धरता आलं नाही. तिकडं कुठं तरी लढाई चालू होती आणि इकडं ज्वारी महागली होती. मी एकटी वळायची, त्यात पोट भरायचं, भाडं राहायचं. थकलं. मी नाकारत नाही. थकलं होतं.

पण दार त्याचं नव्हतं. मालकानं आम्हाला चार भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर दिलं होतं. दाराच्या जागी नुसती चौकट. बापानं खोक्यांच्या फळ्या जमवून, रंधा मारून ते दार केलं होतं.

दोन दिवस आम्ही चौकटीला लुगडं बांधून राहिलो. वारा आला की ते उडायचं. माय न्हाली नाही.

तिसऱ्या दिवशी एका महिन्याचं भाडं पदराला बांधून आम्ही सदर बाजारात गेलो. तिथं मालकाचं कापडाचं दुकान. आमच्यासारख्यांनी पायरीखाली उभं राहायचं, हे ठरलेलं. पायरीपाशीच आमचं दार आडवं टाकलं होतं. त्यावर गिऱ्हाइकांच्या चपला आणि जोडे.

माझ्या बापाच्या हातचं दार. वर चिखलाचे जोडे.

मायनं पैसे पायरीवर ठेवले. म्हणाली, "मालक, एका महिन्याचे हायेत. बोट बरं झालं की बाकीचे देतो."

मालकानं पैशांकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, "त्या दारावर नाक घास. सगळ्यांसमोर म्हण, चुकलं. मग ने दार."

आत दोन बाया साड्या पाहत होत्या. त्यांनी साड्या खाली ठेवल्या आणि आमच्याकडे पाहू लागल्या.

माय वाकली. खरंच वाकली. चिंधी बांधलेला हात तिनं त्या जोड्यांमध्ये टेकला.

मी तिचा दंड धरला. "ऊठ वं माय."

"राहू दे वं. घासतो मी. काय जाते आपलं?"

"सगळंच जाते. ऊठ."

तिला उभं केलं आणि मी मालकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाहून मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "भाडं थकलं, ते देईन. चूक काय केली, ते सांगा."

"तोंड वर करून बोलतेस?"

"हो. माही माय न्हात होती. चूक तुमची हाय. तुमी घासा नाक."

मी खाली बसले. दारावरचे जोडे एकेक उचलून रस्त्यावर ठेवले. फेकले नाहीत. ठेवले. मालक ओरडला, "धरा तिला!" पहार घालणाऱ्या दोघांपैकी एक तिथंच होता. तो कापडाचा गठ्ठा सोडू लागला. सोडतच राहिला.

"खोली तुमची, दार आमचं," मी म्हटलं. "उचल वं माय."

आम्ही दोघींनी ते डोक्यावर घेतलं आणि भर बाजारातून चालत निघालो. टांगेवाले बाजूला होत होते. बरंच पुढं आल्यावर माय म्हणाली, "मलेबी वाटून राहिलं होतं का घासू नये."

एवढंच म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती मनातलं बोलली होती.

आठ दिवसांत मालकानं खोली रिकामी करून घेतली. आमची भांडी गल्लीत आली. आम्ही दुसऱ्या वस्तीत गेलो. खोली आधीच्याहून वाईट, पावसात गळणारी. मायचा अंगठा बरा झाला, पण वाकडाच राहिला. राहिलेलं भाडं आम्ही चुकवलं. भीतीनं नाही. देणं होतं म्हणून.

नव्या वस्तीत वर्षभरानं एका विधवेचं भाडं थकलं. तिच्या घरावरचे कवेलू काढायला माणसं आली. मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. मागून माय आली. मग शेजारची आली. मग आणखी चौघी. एकानं शिव्या दिल्या, एकानं मला केस धरून ओढलं. आम्ही उठलो नाही. शेवटी ती माणसं तशीच परत गेली.

तेव्हापासून आमच्या वस्तीत हे ठरलं आहे. भाडं थकलं, तर मालकानं मागावं. बाहेर उभं राहून मागावं. राबून फेडू. पण बाईच्या घरात जो विचारल्याशिवाय पाय टाकेल, त्यानं बाहेर कसं पडायचं ते घरूनच ठरवून यावं. आम्ही वाट देणार नाही.