वहीतला गोल

“ते घर गेलं ताई. कालच देऊन टाकलं त्याहिनं,” मी म्हणालो.

आम्ही बोरी अरबच्या बसस्टँडवर उभे होतो. वंदनाताई ज्या घराकडे बघत होत्या ते रस्त्याच्या पलीकडेच होतं. पुढे ओटा, ओट्यावर कडुलिंबाची सावली, दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लागून घरं. घर गेलेलं नव्हतं. मागच्या दोन खोल्या दोन महिन्यांपासून रिकाम्या होत्या आणि त्या दाखवा म्हणून मालकीणबाईंचा मला दोनदा फोन आला होता. वंदनाताईंनी मान हलवली. “मंग दुसरं कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

मी यवतमाळात घरं दाखवतो. कार्डावर प्रॉपर्टी कन्सल्टंट छापलंय, लोक दलाल म्हणतात, मला दोन्ही चालतं. या धंद्यात वीसेक वर्षं गेली. माझं बरंचसं गिऱ्हाईक अप-डाऊनवालं. नोकरी एका गावाला आणि बिऱ्हाड दुसऱ्या, रोजचं जाणं-येणं, त्याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात. अशा लोकांना गाव निवडून देणं हे घर दाखवण्यापेक्षा अवघड काम आहे. मी त्यांना सांगतो, घराची फरशी बघू नका. सकाळची पहिली बस आणि संध्याकाळची शेवटची बस बघा. पाणी किती दिवसांआड येतं ते विचारा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर दारात उभं राहून एक हाक मारा. कोणी ओ दिली तरच घर घ्या.

वंदनाताई यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. त्यांचे मिस्टर दारव्ह्याच्या पलीकडे एका शाळेवर मास्तर. सोबत सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, डावं अंग लुळं पडलेलं. यवतमाळात त्यांना झेपेल अशा भाड्यात वरच्या मजल्याच्याच खोल्या मिळत होत्या आणि आजींना जिना चढता येत नव्हता. घाटंजी, आर्णी ही नावंही निघाली, पण ती मास्तरांच्या शाळेच्या वाटेवर नव्हती. दोघांच्या मधोमध पडत होतं ते बोरी अरब. मीच सुचवलं. वंदनाताईंची अट एकच होती. “आम्ही दोघंबी दिवसभर बाहेर राह्यतो. आईले आवाज द्याले शेजार पाहिजे. बाकी घर कसंबी चालन.”

अशा अटीला रस्त्यापलीकडचं घर अगदी फिट्ट होतं. तरी मी ते गेलं म्हणून सांगितलं. त्याचं कारण माझ्या वहीत आहे.

वहीत प्रत्येक घरापुढे मी एक खूण करतो. टिक असली तर कोणीही चालेल. गोल असला तर मालक आधी आडनाव विचारतो. वंदनाताईंनी पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगितलं होतं. आडनावावरून माणूस बौद्ध आहे हे आमच्याकडे कोणालाही कळतं. गोलवाली घरं मी बौद्ध गिऱ्हाइकांना दाखवत नसे, मुसलमानांनाही नाही. गेलं म्हणून सांगत असे.

ही सवय मला एका प्रसंगाने लावली. धंद्याच्या सुरुवातीला एका क्लार्कला मी खोली ठरवून दिली होती. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना घरमालकाने आडनाव विचारलं. मग त्याला अचानक आठवलं की गावाकडून पाहुणे येणार आहेत आणि खोली त्यांनाच लागते. त्या माणसाची बायको टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर बसून होती. ती खाली उतरलीच नाही. तेव्हापासून मी गोल करायला लागलो. मी स्वतः शेतकरी कुटुंबातला, मला कोणी आडनावावरून दारातून परत पाठवलेलं नाही. पण दुसऱ्याचा अपमान आपण वाचवतो, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर माझी फुकटची चक्करही वाचायची.

तर मी त्यांना लेआउटवर घेऊन गेलो. लेआउट म्हणजे शेताचे प्लॉट पाडून आखलेली नवी वस्ती. नकाशात तिथे रस्ते असतात, बगीचा असतो. जमिनीवर मुरूम आणि सिमेंटचे खांब. हा लेआउट गावापासून चांगला लांब होता आणि त्यात एकच घर बांधून झालं होतं. घर नवं, फरशी गुळगुळीत, पाण्याला बोअर. भोवती तिन्ही बाजूंना सोयाबीन. मालक नागपूरला, वहीत टिक.

आजींना मास्तरांनी गाडीतून आणलं होतं. त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. बोलणं त्यांचं स्वच्छ होतं.

“शेजारी कोन हाय भाऊ?”

“येतील ना आजी. प्लॉट सारे विकल्या गेले. वर्षभरात वस्ती होते इथं.”

“तवरक मी कोनाले आवाज देऊ?”

“मोबाइल हाय ना,” मी म्हणालो.

आजी हसल्या. “आमच्या मायच्या कडेवर बसून मी नागपूरले दीक्षेले गेलती. एवढी गर्दी होती म्हने की माय मले घडीघडी हात लावून पाहे. आता म्हातारपनी हे असं रान.” वंदनाताईंनी मास्तरांकडे बघितलं. दुसरं घर नव्हतं. नव्हतं म्हणजे मी नाही म्हटलं होतं. पुढच्या रविवारी ते राहायला आले. आधी भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, मग चूल. वंदनाताईंच्या हातचा चहा पिऊन मी निघालो आणि त्यांना विसरून गेलो. धंद्यात असंच असतं.

चार-पाच महिन्यांनी वंदनाताई माझ्या ऑफिसात आल्या. हातात घराची किल्ली होती.

“सोडून राह्यलो आम्ही ते घर,” त्या म्हणाल्या. “आई गेली.”

मी बसा म्हटलं. त्या बसल्या आणि दवाखान्यात रिपोर्ट द्यावा तशा सलग सांगत गेल्या. सकाळी त्या पहिल्या बसने निघत. मास्तर दहाच्या आत. दुपारी गावातली एक बाई येऊन आजींना जेवू घाली. त्या दिवशी बाईच्या घरी लग्न होतं, ती आली नाही. मास्तर निघाल्यावर थोड्याच वेळाने आजी अंगणात टाकीपाशी पडल्या. मोबाइल खाटेवर. त्यांनी हाका मारल्या. संध्याकाळी मास्तर परत येईपर्यंत त्या तिथेच होत्या, उन्हात, मग सावलीत. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. महिना-दीड महिना काढला.

“गळा बसला होता तिचा,” वंदनाताई म्हणाल्या. “आवाज देऊन देऊन.”

वाईट झालं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

“एक विचाराचं होतं भाऊ. स्टँडसमोरचं ते घर. तुम्ही म्हणले गेलं. मी रोज त्याच्याच समोर बसची वाट पाहत उभी राहो. आम्ही राह्याले आलो त्याच्या दोन हप्त्यांनी तिथं दारावर खडूनं लिहिलं, घर भाड्याने देणे आहे. ते अजून तसंच हाय.”

मी खोटं बोलू शकलो असतो. भाडेकरू आला आणि सोडून गेला, असं सांगता आलं असतं. वंदनाताई माझ्याकडे बघत होत्या आणि मला ते जमलं नाही. मी वहीबद्दल सांगितलं. गोलाबद्दल सांगितलं.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मालकीण नाही म्हणली होती?”

“त्यांचे मिस्टर म्हणले होते. आपल्याच लोकांले दाखवा म्हणून.”

“कवा?”

“असतील आठ-नऊ वर्षं.”

“आमच्या वेळी विचारलं होतं तुम्ही?”

“नाही.”

“नाही म्हणली असती तं आम्ही आयकून घेतलं असतं भाऊ. आम्हाले काही नवीन नाही ते. दुसऱ्या दारी गेलो असतो. मी त्या एका घरासाठी चार दारं फिरली असती. तुम्ही काहून ठरवलं?” त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “आईसाठी पाहून राह्यली होती मी घर. माह्यासाठी नाही.”

त्या गेल्यावर मी वही उघडली नाही. गाडी काढली आणि बोरी अरबला गेलो. मालकीणबाई, अनसूयाकाकू, ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी झाडलंच.

“लय दिवसांनी सुचलं तुले. फोन करून करून थकली मी. शेवटी नातवाकडून दारावर लिहून घेतलं. तरी कोनी येत नाही.”

मी विचारलं, “काकू, एक नर्सबाई होत्या. मास्तर नवरा, म्हातारी सासू. बौद्धाचे. दिलं असतं काय तुम्ही?”

काकूंचा हात डाळीत थांबला. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

“हे होते तवा नसतं देल्लं,” त्या म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे यजमान. ते वारल्याला तीन वर्षं झाली होती आणि मी कार्यालाही जाऊन आलो होतो. “आता मी एकटीच हाय बापा. रोज बीपीची गोळी खाऊन पडून राह्यतो. घरात नर्स आली असती तं मी कायले नाही म्हणू? अन् म्हातारी बाईबी होती म्हनतं. दिवसभर बोलाले झालं असतं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काहून नाही आनली तिले?”

मला लाज वाटली. कारण सांगावं एवढीही हिंमत झाली नाही. माणूस मेला, माझ्या वहीतला त्याचा गोल तसाच राहिला, आणि त्या गोलाच्या भरवशावर मी एका म्हातारीला सोयाबीनच्या मधोमध नेऊन बसवलं. दारात उभं राहून हाक मारा, हे मीच लोकांना शिकवतो. लेआउटवरचं घर दाखवताना मी हाक मारून बघितली नव्हती, कारण काय होईल ते मला माहीत होतं.

स्टँडवरूनच मी वंदनाताईंना फोन लावला. काकू काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. मी विचारलं, घर अजून रिकामं आहे, बोलू का?

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “यवतमाळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाह्यल्या आम्ही. आता जिन्याचा तरास होईन असं कोनी नाही घरात.”

ती वही मी बदलली. नव्या वहीत खुणा नाहीत. आता प्रत्येक घरमालकाला गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव सांगतो आणि त्या दिवसाचं उत्तर त्या दिवशी ऐकतो. पुष्कळ जण आजही पाहुणे येणार आहेत म्हणतात. काही जण या म्हणतात, आणि ते कोण म्हणतील याचा माझा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. गिऱ्हाईक सोबत असेल तर त्यालाही ऐकावं लागतं. मला ते आवडत नाही. पण घर दाखवायचं कमिशन मी घेतो. घर कोणाला मिळणार नाही हे ठरवायचं काम मला कोणी दिलेलं नव्हतं, ते मी फुकट करत होतो.