झेंडा माझा होता

अख्ख्या कल्याणात धड चालणारी सायकल ज्याला बघवत नाही असा एकच माणूस आहे, आणि सायकलचं दुकान नेमकं त्याचंच आहे. रस्त्याने कोणी निमूट पेडल मारत चाललेला दिसला की हे गृहस्थ पान्यासकट दुकानातून उडी मारतात. "थांबा, थांबा! चेन रडतेय तुमची." चेन कसली रडते, रडकुंडीला येतो तो माणूस, त्याला ऑफिस गाठायचं असतं आणि त्याचं मागचं चाक एव्हाना यांच्या मांडीवर असतं. कोणाकडे जेवायला गेले तर आधी टेबल हलवून बघतात. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तेव्हा हे स्टेजवर वाकून नवरदेवाच्या खुर्चीचा पाय घट्ट करत होते.

दर हिवाळ्यात त्यांचं दुकान कल्याण ते खडवली सायकलफेरी काढतं. आदल्या दिवशी सगळ्यांच्या सायकली हे फुकट तपासून देतात. थकलेल्यांसाठी मागून टेम्पो येतो, तो माझा. वागळे इस्टेटमध्ये मी शून्यातून कारखाना उभा केलाय, फुकट काही द्यायची मला सवय नाही. यंदा सरळ सौदा केला : टेम्पो माझा, तर सगळ्यात पुढे झेंडा घेऊन मी. "पक्कं, शेठ," म्हणाले. हातावर हात मारला.

सकाळी झेंडा लावून मी उभा. शिट्टी वाजणार तेवढ्यात हे धावत आले. "शेठ, पुढचं चाक डुलतंय." मी ओरडेपर्यंत चाक निघालं होतं. झेंडा कुठल्याशा बँकवाल्याच्या हँडलला लागला आणि फेरी गेली! चाक पुन्हा बसवून महाशय स्कूटरवरून पुढे पसार.

गावाबाहेर मला त्यांची बायको भेटली, सगळ्यात मागे, एकटी. वहिनी वर्षभराच्या आजारातून नुकत्या उठलेल्या. यंदा टेम्पोत बसावं लागलं तर सायकल भंगारात घालेन, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. आणि ही बाई बोलते ते करते.

"भाऊजी, तुम्ही व्हा पुढे."

"कशाला? तुमच्या नवऱ्याने माझा झेंडा दुसऱ्याला दिला! शब्द पाळायची अक्कल नाही त्याला!"

"त्यांना काही बोलायचं नाही हं."

"बोलणार! शंभर वेळा बोलणार!"

टिटवाळ्याच्या अलीकडे चढ लागला. वहिनी धापा टाकू लागल्या, टेम्पोवाल्याने दार उघडलं. मी त्याच्यावर खेकसलो आणि पुन्हा वहिनींच्या नवऱ्यावर घसरलो. वहिनी दात आवळून नवऱ्याची बाजू घेत राहिल्या, पेडल मारत राहिल्या. चढ संपल्यावर म्हणाल्या, "चाकाला काही झालं नव्हतं, भाऊजी. काल रात्रीच म्हणत होते, शेठना मागे ठेवतो. ते चिडले की गप्प बसत नाहीत, तुला सोबत होईल."

तरीही मी बोललोच, थेट खडवलीपर्यंत.

बाकीचे सगळे नदीवर पोह्यांच्या पातेल्याभोवती जमले होते. हे मात्र वळणावर रस्त्याकडे डोळे लावून उभे. वहिनींना बघून त्यांनी नुसतं हँडल धरलं. वहिनी उतरल्या आणि दोघं शेजारी शेजारी चालू लागले, अगदी रस्त्याच्या मधोमध. मागून मी घंटी वाजवत होतो, तावातावाने. दोघांपैकी एकानेही वळून बघितलं नाही, वाटही दिली नाही. मग मीही उतरलो आणि सायकल हातात धरून मागून चालत राहिलो.