अडखळत केलेली प्रार्थना

माझा मामा खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचा. आमच्या घराच्या तळमजल्यावरच त्याचं दुकान होतं. आत पाऊल टाकलं की काथ्याचा आणि सरसाचा वास यायचा, आणि मामा एखाद्या उलट्या खुर्चीशी झटापट करत जमिनीवर बसलेला असायचा. ओठांत बारीक खिळे धरलेले. त्या खिळ्यांना चुका म्हणतात. एकेक चूक ओठांतून काढायची, कापडावर टेकवायची, हातोडीचा ठोका द्यायचा. तोंडात चुका असल्या की गिऱ्हाईक उत्तराची वाट बघत नसे, आणि मामाला तेच हवं असायचं. कारण मामा बोलताना अडखळायचा. असा अडकायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा.

आई त्याची धाकटी बहीण. अभ्रे तीच शिवायची. ती चेष्टेनं म्हणायची, "आधी चुका बाहेर काढ, मग शब्द बाहेर येतील." मामा हसायचा आणि पुढचा ठोका मारायचा. आज त्या दुकानाच्या जागी कसलंसं ऑफिस झालंय. पण कुठं काथ्याचा वास आला की मी अजून थबकते.

देवाच्या बाबतीत मामा फार काटेकोर. संध्याकाळी वर आमच्याकडे प्रार्थनेला यायचा तो हातपाय धुऊन, शर्टाची सगळी बटणं लावून. गुडघेही सगळ्यांच्या आधी टेकायचा. मग एकेकजण मोठ्यानं प्रार्थना करायचा. मामाची पाळी आली की तो नुसती मान आणखी खाली घालायचा, आणि आई पुढं सुरू करायची. चर्चमध्येही तेच. मी एकदा विचारलं, "मामा, तू का नाही करत?"

मामा म्हणाला, "त्याच्यापुढं न-नीट बोलायला हवं गं. तो काय ग-गिऱ्हाईक आहे?"

चर्चमागच्या गल्लीत मोठ्या बाई राहायच्या. मामाच्या शाळेतल्या. वाचताना अडखळलेल्या पोराला त्या बाकावर उभं करायच्या. "तुझ्या मामानं ते वर्ष बाकावरच काढलं," आई सांगायची. आता बाई थकल्या होत्या, घरात एकट्याच होत्या. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दिवसरात्र आरामखुर्चीत बसून असायच्या. त्या खुर्चीच्या स्प्रिंगा वर आल्या, तेव्हा त्यांनी मामाला निरोप पाठवला.

आई म्हणाली, "दुसरा कुणी करेल की. तूच कशाला?"

मामानं ऐकलं नाही. खुर्ची आणली, पार सांगाड्यापर्यंत उसवली, नवा काथ्या भरला, पाठीला न मागता उशी केली. पोचवायला दोघं भावंडं गेली. पुढचं मला आईनंच सांगितलंय, कितीदा तरी.

बाई खुर्चीत टेकल्या, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला आणि मामाकडे बघत राहिल्या.

"तू तो बाकावरचा ना रे?"

"हो, ब-बाई."

बाईंचे डोळे भरून आले. "पाळकसाहेब येतात, प्रार्थना करून जातात," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून मात्र शब्द निघत नाही. हात जोडले की तुम्ही पोरं दिसता, बाकांवर उभी. कोणत्या तोंडानं जाऊ देवापुढं? तू करशील माझ्यासाठी?"

आई पटकन म्हणाली, "मी करते ना, बाई."

"नको. यालाच करू दे."

मामा उठला. आईला वाटलं, हा आता निघाला. पण तो मोरीत गेला, हात धुतले, ओल्या हातांनी केस सारखे केले आणि खुर्चीपाशी येऊन गुडघे टेकले.

"प्र... प्र..." पुढं जाईना. मान लालबुंद झाली. आईनं डोळे घट्ट मिटून घेतले. बाईंनी मधेच शब्द पुरवला नाही. हळूच म्हणाल्या, "सावकाश. मला कुठं जायचंय?"

"प्र-प्रभू, ब-बाईंना मी माफ केलंय. तुझं मन तर माझ्याहून क-कितीतरी मोठं. त्या येतायत तुझ्याकडं. द-दार लावू नकोस." थोडा थांबला. "आणि म-मीही येतोय. माझं हे अ-असंच आहे. आमेन."

मग बाईंनी हात जोडले आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "प्रभू, मी आले." एवढंच.

परतताना आईनं विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"व-वाटली की. पण बाईंना दया मिळेल म्हणायचं, आणि म-मला देव वेगळा भाव लावेल म्हणायचं? मला वाटायचं, तो क-कंटाळेल. नाही गं कंटाळला."

त्या संध्याकाळी पाळी आली तेव्हा मामानं आमच्यात पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. तेव्हापासून आमचं जेवण रोज गार व्हायचं. वर्षभरानं बाई त्या खुर्चीतच शांतपणे गेल्या. तोवर मामा दर रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जायचा. दोघं आळीपाळीनं प्रार्थना करायचे आणि कुणालाच घाई नसायची.

माझ्या लग्नात पाळकसाहेबांनी आशीर्वादाची प्रार्थना मामाला करायला सांगितली. सासरची मंडळी चुळबुळू लागली. सासूबाईंनी आईच्या कानाशी विचारलं, "झाली का हो?"

"छे," आई डोळे मिटूनच म्हणाली, "अजून पती, पत्नी आणि परमेश्वर राहिलेत."

मला हसू आवरेना. चोरून डोळे उघडले, तर मामाही गालात हसत होता. हात जोडलेले, मान खाली, आणि पुढचा शब्द कधी येतोय याची अगदी निवांत वाट बघत होता.