क्षयरोग दिनाची फेरी आणि मीनाची गल्ली

मंडळी, जानेवारीपासून शाळेची ही पाचवी जनजागृती फेरी. घसा बसलाय, पाय भरून आलेत, तरी हे लिहितेय.

आज क्षयरोग दिन. सहावीच्या मुलींना घेऊन पंचवटीत निघाले. घोषणा जोरात चालू होत्या. एका वळणावर मीनाने माझा पदर धरला.

"बाई, आमच्या गल्लीतून नको ना."

"का गं?"

"आईला टीबी झालाय. गोळ्या चालू आहेत. घोषणा ऐकून शेजाऱ्यांना तिच्या खोकल्याचा संशय आला तर नळावर पाणी भरू देणार नाहीत."

मी फेरी दुसऱ्या रस्त्याने वळवली. मुख्याध्यापक रागावले. "मुलींना ऊन लागत होतं," एवढंच सांगितलं.

मीनाच्या आईचं गुपित आज वाचलं, पण ती गल्ली होती तशीच राहिली. तुम्ही काय केलं असतं?