वाकळ पिळायला दोघं लागतात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळा पिळल्या.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं. एक चिंधी बिनधुतली राहिली तरी देवी उंबऱ्यातनं माघारी जाते, असं माझी आई सांगायची, आणि बायकोनं ते आईपेक्षा घट्ट धरलं होतं. आमचंच नाही, त्या दिवसांत सगळ्या गावाची धुणी नीरा नदीवर असायची.

वाकळ म्हणजे तिची जुनी लुगडी आणि माझी विटकी धोतरं एकावर एक घालून शिवलेलं पांघरूण. ओली झाली की एका माणसाला उचलत नाही. समोरासमोर उभं राहून दोघांनी टोकं धरायची आणि आपापल्या उजवीकडं फिरवायची, मग पीळ बसतो. पण ती डावरी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी उजवीकडं फिरवायचो, ती डावीकडं, आणि वाकळ दोघांच्या मध्ये नुसती गरागरा फिरायची. पाण्याचा थेंब गळत नसे. बायका हसायच्या.

"अगं, उजवीकडं फिरव की."

"माझा हात न्हाय वळत तिकडं. तुमीच फिरवा डावीकडं."

शेवटी मीच शिकलो. तेव्हापासून आमच्या घरात वाकळ डावीकडं पिळली जायची.

त्या दिवशी ती मधेच थांबत होती. दमा जुनाच. मी म्हटलं, "बस जरा दगडावर." ती म्हणाली, "बसले तर तुमी बी बसाल, आन वाकळा आपल्या आपण वाळंत जातील व्हय?" श्वास पुरत नव्हता, पण बोलायला कमी पडत नव्हतं. शेवटची वाकळ पिळता पिळता तिनं नदीकडं बघितलं. सकाळी ज्या दगडावर तिनं लुगडं आपटलं होतं तो दगड दिसत नव्हता.

दुपारी सरकारी जीप भोंगा लावून आली. वरच्या धरणातनं पाणी सोडलंय, माळावरच्या शाळेत चला, अंथरूण-पांघरूण बरोबर घ्या, जेवणाची सोय सरकार करणार आहे. कारखान्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसून आम्ही सगळे शाळेत गेलो. पाऊस सुरू झाला.

शाळेच्या दारात तलाठी उभा होता. कोवळ्या वयाचा, चष्मा भिजलेला. आमची गाठोडी बघून तो चक्रावला.

"पाणी तर अजून गावात शिरलं नाही. मग हे सगळं भिजलं कसं?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "पाण्यानं न्हाय भिजवलं, रावसाहेब. आमीच भिजवलं. घट बसायचं हायत."

"सगळ्यांनी? एकाच वेळी?"

"मग? देवी काय घरटी येगळी येती व्हय?"

लोक हसले. तलाठीही हसला, पण त्याचं तोंड लगेच उतरलं. लोक पांघरूण घेऊन येणार म्हणून त्यानं आधी तांदूळ-डाळ आणवली होती. चादरी आणवल्याच नव्हत्या. पुराच्या दिवशी अख्ख्या गावाच्या वाकळा ओल्या असतील हे कुणाच्या ध्यानात येणार? तो पोलिसाच्या वायरलेसवर चादरी मागत बसला. तोवर शाळेपलीकडचा ओढा तुंबला आणि रस्ता बंद झाला.

खिचडी आली. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा बसल्या जागी ताट आलंय. गप खावा."

फरशी गार होती. मी एक वाकळ खिचडीच्या चुलाणाजवळ धरून शेकत बसलो. वरनं गरम झाली, आतनं ओलीच राहिली. तीच तिच्याखाली घातली. वाकळेला धुराचा वास आला होता आणि त्या वासानं तिला आणखी खोकला यायला लागला. तिला भिंतीला टेकवून बसवलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा.

दुसऱ्या दिवशी पाणी गावात शिरलं. ओढ्यावरनं नाव आली, त्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हिला सुई दिली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "इंदापूरला दवाखान्यात न्यायला पाहिजे. पलीकडं गाडी उभी आहे."

मी हिला उचलायला वाकलो, तेवढ्यात पलीकडच्या वर्गातनं ओरडणं ऐकू आलं. एका घरची सून अडली होती. बाई तिकडं पळाल्या. परत आल्या तेव्हा त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. नाव लहान. बाळंतीण आडवी न्यायची, तिच्याजवळ तिची आई, स्वतः बाई, आणि नावाडी. दुसऱ्या खेपेला हिला नेतो, म्हणाल्या.

मी म्हटलं, "आधी माझी म्हातारी न्या. ती आधी दाखवलीया."

बाईंच्या आधी हीच बोलली. एकेक शब्दाला थांबत.

"मला दम रोजचाच हाय. तिचं आजचंच हाय. जाऊ द्या तिला."

"तू गप बस."

"तुमी गप बसा. बाई, तुमी निघा."

नाव गेली. मी तलाठ्याला नको नको ते बोललो. तुझं सरकार, तुझी एकुलती नाव, सगळं काढलं. तो डोकं खाली घालून उभा राहिला. मग ओढ्याच्या काठाला जाऊन थांबला, नाव दिसते का बघत.

ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मधे एकदा म्हणाली, "वाकळा पसरा कुठंतरी. कुबट वास मारतील." मी म्हटलं, पाऊस थांबू दे. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं मला कळलं की आता ती बोलणार नाही.

नाव परत आली तेव्हा तिच्यात चादरींचे गठ्ठे होते. तलाठ्यानं पहिला गठ्ठा सोडला आणि पहिली चादर हिच्यावर घातली.

त्या सुनेला मुलगी झाली. पुढं ती पोरगी शाळेत जाताना दिसायची. मला बघून बरं वाटायचं असं लिहिलं तर खोटं होईल. वाईटही वाटायचं नाही. ती वळणावरनं दिसेनाशी होईस्तवर मी बघत असायचो. नावा दोन असत्या तर, हे मी पुष्कळदा म्हणून बघितलंय. पण नाव एकच असताना कुणाला न्यायचं, ते हिनं सांगितलं होतं. तिच्या शब्दावर मी काय बोलणार?

संध्याकाळी माळावरच तिला अग्नी दिला. लाकडं ओली, रेशनचं रॉकेल तलाठ्यानं आणून दिलं. कन्हेरीला दिलेल्या लेकीला कळवायला रस्ता नव्हता. मयतानंतरचा कडू घास सोयऱ्यांनी आणायचा असतो, पण सगळे सोयरे पाण्याच्या पलीकडं. मग सरकारी खिचडीच माझ्यापुढं आली. मीठ बरोबर होतं का, ते मला सांगता येणार नाही.

सकाळी पाऊस थांबला. ती बसली होती ती वाकळ मी उचलली. शेजारची म्हातारी म्हणाली, "तात्या, मेल्या माणसाची ती. पाण्यात सोडायची असती. घरात ठिवू ने."

मी म्हटलं, "पाण्यानं न्यायचं ते नेलंय. ही न्हाय देणार."

शाळेच्या हापशाखाली ती घातली आणि पायांनी तुडवली. धुराचं काळं पाणी निघालं. मग पिळायला एक टोक उचललं आणि तसाच उभा राहिलो. दुसरं टोक चिखलात लोळत होतं.

तलाठी तोंड धुवायला आला होता. त्यानं ते टोक उचललं, हापशाखाली धुतलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. आम्ही पिळायला लागलो. वाकळ मधल्यामध्ये गरागरा फिरायला लागली. माझा हात सवयीनं डावीकडं जात होता.

तो म्हणाला, "आबा, उजवीकडं फिरवा ना."

"न्हाय. तुमी डावीकडं फिरवा."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि हात बदलला. पीळ बसला. पाणी गळायला लागलं. आम्ही ते थांबेपर्यंत पिळलं, आणि वाकळ शाळेच्या कुंपणावर वाळत घातली.