खड्या मसाल्यातलं दगडफूल

बी.एस्सी.च्या त्या सरांना मी अजून माफ केलेलं नाही. दगडफुलाचे पाच नमुने स्वतः शोधून फाइलीत चिकटवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी दोन रविवार अंजनेरीच्या वाटेवर घालवले. तिथलं दगडफूल खडकाला इतकं घट्ट धरून होतं, की छिन्नीने कपचीसकट काढावं लागलं. सर म्हणाले, "हे दगड कशाला आणलेस? फाइलीत मावेल असं आण."

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने वाण्याकडून खड्या मसाल्याचं पाकीट आणलं, त्यातलं दगडफूल चिकटवलं आणि खाली 'अंजनेरी' लिहिलं. तिला पैकीच्या पैकी मार्क. सरांना कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. फाइल उघडताच लवंग-मिऱ्याचा वास सुटला. सर दोनदा शिंकले आणि त्यांनी सही केली.