पथ्य सुटेना

सकाळी सव्वानऊला औशाच्या बसस्थानकाजवळच्या आपल्या मेडिकलमध्ये मंजुश्री खोकल्याच्या बाटल्या मांडत होती, आणि तिसरं गिऱ्हाईक तोच प्रश्न घेऊन उभं होतं.

"ताई, आप्पाची पुडी का बंद केली? दोन दिवसांत गुडघं पळायचं."

"म्हणूनच बंद केली. झाडपाल्यानं दोन दिवसांत गुडघे पळत नसतात. त्यात स्टेरॉइड निघालं. दुखणं दबतं, पण आतून साखर चढते, हाडं ठिसूळ होतात."

"म्हंजी कंपनीवाल्यांचं काम हाय हे."

मंजुश्रीनं बाटली जरा जोरातच ठेवली.

ईश्वरप्पा, म्हणजे गावाचे आप्पा, बाजारच्या दिवशी सांधेदुखीची पुडी विकत. गेल्या आठवड्यात तपासणी झाली आणि त्यांचा साठा जप्त झाला. वर्षभर "फेका ती पुडी" म्हणून घसा कोरडा करणारी मंजुश्री आता सांगत होती की, पुडी खाणाऱ्यांनी आधी डॉक्टर गाठावा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडतं; ते एकाएकी तुटलं की माणूस आडवा होतो. लोक हसत. "काल फेक म्हनलीस, आज हळू सोड म्हनतीस. तुझं खरं काय?"

खरं काय ते तिच्या घरातच निजलं होतं. सासू धोंडाबाई सुनेच्या नकळत पुडी घेत होती. चेहरा गरगरीत झाला, त्याला ती तब्येत सुधारली म्हणायची. आता उठलं की भोवळ, खाल्लं की उलटी. काल लातूरच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं, तर ही नको म्हणून बसली. शेवटी त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोळी चुकली तर जिवावर बेतेल. गोळी अजून तशीच होती. गिऱ्हाईक गेलं तशी मंजुश्री दुकानामागच्या घरात ती गोळी घेऊन सासूपुढं बसली.

"तुझ्या गोळीत बी तेच औषध हाय ना? मग पुडीच का धरली?"

"आत्या, गोळीत किती आहे ते लिहिलंय. पुडीत किती, ते कुणालाच ठाऊक नाही. घ्या आता."

"न्हाई. पथ्य हाय माझं. वांगं न्हाई, लोनचं न्हाई, इंग्रजी गोळी न्हाई."

"अहो, पुडीच बंद झाली!"

"पुडी बंद झाली, पथ्य कुठं सुटलं? ज्यानं लावलं त्यानंच सोडावं लागतंय."

मंजुश्रीनं कपाळावर हात मारला, दुकानाचं शटर ओढलं आणि ज्या माणसाविरुद्ध ती वर्षभर बोलत आली, त्याच्याच दारात जाऊन उभी राहिली.

"आता काय ऱ्हायलंय न्यायचं?" आप्पा आतूनच म्हणाले.

"तुम्हालाच न्यायला आले. आत्याचं पथ्य सोडा."

आप्पा बसल्या जागीच म्हणाले, "मी काई घातलं न्हाई त्यात, पोरी. तयार पावडर यायची, मी पुड्या बांधायचो. झाडाचीच हाय म्हनाले."

"ते तपासणीच्या साहेबांना सांगा. चला." आप्पा उठले ते भिंत धरून. मंजुश्रीनं डोळे बारीक केले. "तुम्ही पण खात होता?"

"गुडघं मला बी हायेत की."

मनातलं बोलली असती तर गल्ली गोळा झाली असती. तिनं रिक्षा थांबवली.

आप्पांना बघून धोंडाबाईनं पडल्यापडल्या डोक्यावर पदर ओढला.

"धोंडाबाई, पथ्य सुटलं. गोळी घ्या."

"अन् वांगं?"

"वांगं बी खावा."

"लोनचं?"

"आत्या!" मंजुश्री ओरडली.

धोंडाबाईनं गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायलं. "कडू हाय," ती म्हणाली. "पुडी बरी हुती."

उद्या सकाळी आठला, न्याहारीनंतर, तिची दुसरी गोळी आहे. नऊच्या बसनं मंजुश्री आप्पांना लातूरला त्याच डॉक्टरांकडं घेऊन जाणार आहे. दुकान दुपारी उघडेल. तशी पाटी शटरवर आजच लावली आहे.